अनोळखी असेल ते सोडून दे

सारसोळ्याच्या कोळीवाड्यात वर्गमैत्रीण जाईच्या घरी जायचं, ओट्यावर पाय सोडून बसायचं आणि तळलेले बोंबील खायचे, हा राजनंदिनीचा शनिवारचा ठरलेला कार्यक्रम. तिच्या स्वतःच्या घरी, नेरूळच्या फ्लॅटमध्ये, मासे व्हायचे नाहीत असं नाही. पण आई पडली कराडकडची, बोंबील हातात धरतानाच तिचं तोंड वाकडं व्हायचं. इथे मात्र जाईची आत्या राहीबाई ताटलीत गरम तुकडा टाकायची आणि वर ऐकवायची, "खा गो. पिठलं खाऊन खाऊन हाडं दिसायला लागली तुजी."

जाईला आई नव्हती. जाई बालवाडीत असतानाच ती गेली. वडिलांनी, नामदेवांनी, दुसरं लग्न केलं आणि ते उरणजवळच्या करंज्याला राहायला गेले. सणासुदीला त्यांचा फोन यायचा, बाकी काही नाही. जाईला वाढवलं ते त्यांच्या या बहिणीनं, नेरूळच्या मार्केटात माशांची पाटी लावून. शाळेच्या पालकसभेला सगळ्यात आधी येऊन बसणारी बाई म्हणजे राहीबाई. सगळ्या मॅडम तिला ओळखायच्या, अर्ध्या तर तिच्याकडूनच कोळंबी घ्यायच्या.

त्या शनिवारी तिनं तवा उतरवता उतरवता विचारलं, "नंदिनी, त्या कार्यक्रमाची नावं तूच करतंस ना?"

कार्यक्रम म्हणजे दहावीचा निरोप. या शाळेत तो जरा वेगळा असतो. भाषणं कमी, पालक जास्त. आधी मुलाचं नाव पुकारायचं, मग त्याच्या पालकांचं. सगळ्यांनी मिळून स्टेजवर जायचं, मुलानं पालकांच्या पाया पडायचं आणि त्यांच्या हातात गुलाब द्यायचा. पालकांना राखीव खुर्च्या, खुर्चीच्या पाठीवर नावाची पट्टी, आणि स्टेजमागच्या पडद्यावर तेच नाव भलंमोठं. मुलं आधी या सगळ्याला ड्रामा म्हणतात आणि त्या दिवशी तीच हुंदके देत बसतात.

"हो आत्या, मीच," राजनंदिनी म्हणाली. "सगळं माझ्या प्रोग्रॅमनं."

"मंग माजं नाव बराबर टाक. राहीबाई. नुसतं राही नको. आक्खी जिंदगी मार्केटात 'ए राही, ए राही' ऐकतंय. एक दिवस तरी पुढं बाई लागू दे."

"आत्या, मी नाव टाकतच नाही. फाइलमधून आपोआप येतं. माणसाचा हातच लागत नाही, मग चूक कुठून होणार?"

"आपोआप," राहीबाईनं जाईकडे बघून भुवई उडवली. "ऐकलंस काय गो? आपोआप. तुज्यासारक्या आलशी पोरींची सोय झाली."

"हसू नको तू," जाई राजनंदिनीला म्हणाली. "हिनं पोपटी नऊवारी काढलीय. ब्लाउज दोनदा उसवून झालाय. चुकलीस ना नंदे, तर तुला उचलून खाडीत टाकेन."

"टाक की. पोहायला येतं मला."

"कुठं? सोसायटीच्या टाकीत?"

अशी ती संध्याकाळ. आणि राजनंदिनीला खरोखर कसलंच टेन्शन नव्हतं, कारण त्या दिवसांत ती जमिनीपासून वीतभर वरूनच चालत होती.

नववीपर्यंत ती वर्गात असून नसल्यासारखी होती. सरांनी प्रश्न विचारला की वहीत डोकं घालणारी. दहावीत इंद्रजित सर आले, जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला लागले, आणि कुठून कोण जाणे, हिच्या डोक्यात दिवा लागला. बाकीची मुलं राहून गेलेल्या अर्धविरामासाठी रडत असताना हिचा प्रोग्रॅम चालून मोकळा झालेला असायचा. सर म्हणायचे, जा, राजनंदिनीला विचारा. हे वाक्य ऐकलं की तिची पाठ आपोआप ताठ व्हायची. म्हणून सरांनी निरोपाच्या नावांचं काम तिला दिलं तेव्हा तिनं 'प्रयत्न करते' असंसुद्धा म्हटलं नाही. म्हणाली, "होऊन जाईल, सर."

काम तसं सरळ होतं. ऑफिसच्या संगणकातून सगळ्या मुलांची माहिती एका एक्सएमएल फाइलमध्ये निघत होती. एक्सएमएल म्हणजे डब्यात डबे आणि प्रत्येक डब्यावर लेबल. 'विद्यार्थी' नावाचा मोठा डबा, त्यात नावाचा, तुकडीचा, आईच्या नावाचा, वडिलांच्या नावाचा असे छोटे छोटे. त्या लेबलांना टॅग म्हणतात. इकडे जावामध्ये आपण एक साचा करायचा, त्याला क्लास म्हणतात. त्यात आपण ठरवू तेवढे कप्पे. मग प्रोग्रॅम फाइल वाचत जातो, एकेका मुलासाठी साच्यातून एक नवी वस्तू काढतो आणि लेबल बघून ज्याचा माल त्याच्या कप्प्यात भरतो.

"सोसायटीच्या गेटवर पत्रपेट्या असतात, तसं," सरांनी समजावलं होतं. "वॉचमन पत्रावरचा नंबर बघतो, त्या पेटीत टाकतो."

"आणि नंबर आहे, पण पेटीच नाही, असं पत्र आलं तर?" कोणीतरी विचारलं होतं.

"मग दोन प्रकारचे वॉचमन. एक ओरडतो, की साहेब, ही पेटी मला दिसत नाही. दुसरा गपचूप टोपलीत टाकतो. कुठला ठेवायचा ते तुम्ही ठरवायचं."

राजनंदिनीनं साचा केला. नाव, तुकडी, आई, वडील. आणखी काय लागतंय? तिनं प्रोग्रॅम चालवला आणि पहिल्याच मुलावर तो अडला. स्क्रीनभर लाल अक्षरं. तिनं वाचून पाहिलं. फाइलमध्ये बसच्या नंबराचा टॅग होता आणि तिच्या साच्यात त्याचा कप्पा नव्हता, म्हणून एवढा तमाशा.

"बसचा नंबर घेऊन मी काय खुर्चीवर चिकटवू?" ती स्क्रीनलाच म्हणाली.

एकेक फालतू टॅगसाठी कप्पे कोण करत बसणार. तिनं नेटवर शोधलं, आणि एका ओळीत काम झालं. त्या ओळीचा अर्थ साधा होता: अनोळखी असेल ते सोडून दे. तिनं ती ओळ टाकली, प्रोग्रॅम पुन्हा चालवला, आणि तो असा सुळकन शेवटापर्यंत गेला की मागून बघणारे सर म्हणाले, "वा." तुकडीच्या तुकडी तयार. खुर्च्यांच्या पट्ट्या, पडद्यावरच्या पाट्या, मॅडमनी माइकवर वाचायचा कागद, सगळं छापून निघालं. सरांनी पाच-सहा नावं डोळ्यांखालून घातली. ती बरोबर होती. तिनं स्वतःचं नाव तपासलं. तेही बरोबर होतं.

जाईचं तिनं तपासलं नाही. आपोआप होतं ना.

कार्यक्रमाच्या सकाळी राजनंदिनी हॉलच्या दाराशी लॅपटॉप घेऊन बसली होती. गळ्यात बिल्ला, समोर टेबल. कोणाला खुर्ची सापडली नाही तर तिनं रांग सांगायची, आणि कार्यक्रम सुरू झाला की पडद्यावरची नावं पुढे सरकवायची. तिची आई खास काठपदरी नेसून आली, तिच्याकडे बघून उगाचच डोळे पुसून आत गेली. इंद्रजित सर संस्थेच्या अध्यक्षांना घेऊन टेबलापाशी उभे होते.

"हे सगळं या मुलीनं केलंय, सर. एकही चूक नाही."

"दहावीत?" अध्यक्ष म्हणाले. "कमाल आहे."

आणि त्याच वेळी राहीबाई आली. पोपटी नऊवारी, अंबाड्यावर अबोली. मार्केटातली राहीबाई आणि ही, ओळखू येऊ नये. ती मघाशी आत जाऊन आली होती. अक्षरं जुळवत जुळवत तिनं सगळ्या रांगा पाहिल्या होत्या.

"नंदिनी, माजी खुर्ची घावत नाय गो."

"थांबा आत्या, मी बघते." राजनंदिनीनं जाईचं नाव टाकलं. लॅपटॉपवर आलं: जाई तांडेल. आई, रिकामं. वडील, श्री. नामदेव तांडेल.

तिनं वरखाली सरकवून पाहिलं. राहीबाईचं नाव कुठेच नव्हतं. बाजूला अध्यक्ष अजून उभे होते, सर अजून हसत होते, आणि 'एकही चूक नाही' हे वाक्य हवेत जसंच्या तसं होतं. हाताशी मार्कर होता, ड्रॉवरमध्ये कोऱ्या पट्ट्या होत्या. नाव लिहायला कितीसा वेळ लागला असता. पण मग अध्यक्षांनी विचारलं असतं, काय झालं? आणि सरांनी वळून तिच्याकडे बघितलं असतं.

"आत्या," ती हळू आवाजात म्हणाली, "ऑफिसनं फाइलमध्ये तुमचं नावच दिलेलं नाही."

हे तिला माहीत नव्हतं. फाइल तिनं उघडून पाहिलेली नव्हती. पण वाक्य इतकं गुळगुळीत बाहेर पडलं की तिला स्वतःलाही ते खरं वाटलं.

"मी सही केली होती ना," राहीबाई म्हणाली. "मोठ्या मॅडमच्या समोर केली."

"केली असेल. पण संगणकावर चढवलं नसेल त्यांनी."

"कोनाचं हाय मंग? नामाचं?"

"हो."

राहीबाईनं पदर खांद्यावर नीट केला. "बराबर हाय. बाप हाय तो."

"मागे रिकाम्या खुर्च्या आहेत, आत्या. तिकडे बसा ना."

"बसतंय, बसतंय. तू तुजं काम कर."

मुलं स्टेजच्या दुसऱ्या बाजूला रांगेत उभी होती, त्यामुळे जाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिची पाळी आली. मॅडमनी कागदावर होतं ते वाचलं. "जाई तांडेल. सोबत वडील, श्री. नामदेव तांडेल."

पडद्यावर नाव आलं. टाळ्या सुरू झाल्या. जाई पायरीवर थांबली आणि वळून पडद्याकडे बघत राहिली, आपलं नाव वाचतानाही माणूस कधी कधी अडखळतो तशी. तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. टाळ्या विरळ झाल्या. जाईची नजर हॉलभर फिरली आणि शेवटच्या रांगेत पोपटी रंग दिसला तिथे थांबली. तिनं हातानं खूण केली, ये. राहीबाईनं नाही म्हणून मान हलवली. जाईनं पुन्हा बोलावलं. तेव्हा राहीबाईनं खुर्चीत बसल्या बसल्याच तळहात हलवला, जा, जा तू, लोक थांबलेत, आणि आजूबाजूच्या बायकांकडे बघून कसनुसं हसली.

"वडील कामात असतील," मॅडम माइकवर म्हणाल्या, "काही हरकत नाही, ये बाळा." जाई एकटी स्टेजवर गेली, गुलाब घेतला, तो कोणाला द्यायचा ते न कळून तसाच हातात धरून दुसऱ्या बाजूनं उतरली.

राजनंदिनीचं बोट कीबोर्डवर होतं. तिनं पुढचं नाव आणलं.

दुपारी हॉल रिकामा झाला. लोक अल्पोपाहाराकडे वळले. राजनंदिनीनं जाईला शोधलं, पण आत्या-भाची केव्हाच निघून गेल्या होत्या. मग ती कॉम्प्युटर लॅबमध्ये आली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं ती एक्सएमएल फाइल नुसती, डोळ्यांनी वाचायला उघडली. जाईचा डबा सापडला. नाव, तुकडी, बस, रक्तगट, वडील. आणि त्याखाली अजून एक टॅग, गार्डियन, म्हणजे पालक. त्यात: राहीबाई तांडेल. नातं, आत्या. मोबाइल नंबर. सगळं शुद्ध. 'बाई'सुद्धा होतं.

संपूर्ण तुकडीत तो टॅग फक्त जाईच्या डब्यात होता.

तिनं ती एक ओळ पुसली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. तो बसच्या नंबराशी अडला. तिनं कप्पा दिला. मग रक्तगटाशी अडला. तिनं कप्पा दिला. मग बरीच मुलं भराभर पार झाली, आणि जाईपाशी येऊन तो थांबला. लाल अक्षरांत, कितव्या ओळीवर आहे ते सांगून, गार्डियन हा टॅग मला ठाऊक नाही, असं त्यानं स्पष्ट कळवलं. त्याला बोलू दिलं असतं तर त्यानं त्याच दिवशी हे सांगितलं असतं.

इंद्रजित सर दारात आले. तिनं त्यांना दाखवलं.

"अरे," सर खाली वाकून बघत म्हणाले. "हं. होतं असं. सगळ्यांचं होतं. पुढच्या बॅचला कप्पा वाढवून दे." मग सरळ होत ते म्हणाले, "त्या बाईंना ऑफिसची चूक आहे असं कोणी सांगितलं? क्लार्क वैतागलाय, मॅडम त्याला बोलल्या."

"मी."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एवढंच म्हणाले, "सोमवारी प्रार्थनेच्या वेळी त्यांना बोलावून सन्मान करू." रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी ती सारसोळ्याला गेली. वाटेत तिनं मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. आधी माफी, मग फाइल दाखवायची, मग सरांनी कबूल केलेलं सांगायचं, की सोमवारी प्रार्थनेच्या वेळी आत्यांना बोलावून सन्मान करू. सगळं नीट होईल. बिघडलेलं दुरुस्त करायचं हेच तर तिला हल्ली जमायला लागलं होतं.

दाराशी पुरुषाच्या मोठ्या चपला होत्या.

आत खाटेवर एक माणूस बसला होता. जाईसारखंच कपाळ, जाईसारख्याच भुवया. समोर मिठाईचा बॉक्स. जाई खिडकीत पाठ करून उभी.

"ये गो," राहीबाई म्हणाली. "ह्यो नामा. जाईचा बाप. कालच्याला फोन लावला मी."

"तू काय नंदिनी?" नामदेव उत्साहानं पुढे सरकले. "माजं नाव पडद्यावर लावलं होतं म्हने? एवढं मोठं? आक्ख्या हॉलासमोर वाचलं?"

"हो," राजनंदिनी म्हणाली.

"मना वाटलं, पोर इसरली मना. बायकोला बोललो, बघ, शालेत अजून माजंच नाव हाय." ते हसले, आणि ते हसणं इतकं साधं, इतकं खूश होतं की जुळवून आणलेलं पहिलं वाक्य तसंच ठेवून ती दाराशीच बसली.

राहीबाईनं चहा पुढे केला. "बरा झाला एका परी. आता अकरावी आली. कॉलेजात जाशील तिथं बापाचं नाव, बापाची सही. शालेत मना सगले ओलखतान, तिथं माजं चाललं नाय, तर कॉलेजात कोन विचारतंय? म्हनून बोलावलं त्याला. परीक्षा झाली की जाईल पोर करंज्याला. उरनला कॉलेज हाय."

राजनंदिनीनं जाईकडे बघितलं. जाई वळली नाही.

"आत्या, तसं नाहीये," ती म्हणाली, आणि मग सगळं एकदमच बाहेर आलं, जुळवलेला क्रम मोडून. फाइलमध्ये तुमचं नाव होतं. बरोबर होतं. माझ्या प्रोग्रॅमनं सोडून दिलं. मीच त्याला तसं सांगितलं होतं. आणि दारात मी तुम्हाला जे बोलले ते न बघता बोलले. तिनं मोबाइलवर फोटो काढून आणला होता, तो पुढे धरला.

राहीबाईनं मोबाइल हातात घेतला, लांब धरला. ओठ हलवत वाचलं. "राही-बाई," ती म्हणाली. मग 'बाई' या अक्षरांवर बोट ठेवलं.

"सोमवारी शाळेत तुम्हाला बोलावणार आहेत. सर म्हणाले."

"कशाला?"

"सन्मान करायला. खरं काय ते सगळ्यांना सांगायला."

"आनि ह्याला काय सांगू?" राहीबाईनं भावाकडे न बघता विचारलं. "की चुकून बोलावला? जा परत?"

नामदेव मिठाईच्या बॉक्सची दोरी बोटाला गुंडाळत होते. त्यांना नेमकं काय समजलं होतं आणि काय नाही, ते कळत नव्हतं, पण चेहऱ्यावरचं मघाचं हसू राहिलं नव्हतं.

"शेजारीपाजारी समद्यांसमोर बोलली मी त्याला, पोर तुजी हाय, ने," राहीबाई म्हणाली. "भाऊस हाय माजा. बोललेला शबुद मागं घ्यायचा नाय." तिनं मोबाइल परत दिला. "तू नको रडू. तू लहान हायस. पन त्या दिवशी दारात मना नुसतं बोलली असतीस ना, आत्या, घोटाला झालाय, थांब जरा, तरी मी थांबली असती. मी काय पडद्यावर यायला हपापली नव्हती."

जाई बाहेर आली तिला सोडायला. दोघी गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या.

"तुला नाही जायचं ना करंज्याला?" राजनंदिनीनं विचारलं.

"आत्या म्हणते जायचं."

"पण तू सांग ना तिला."

"सांगितलं. ती म्हणते, आज ना उद्या तुला कळेल की मी बरोबर केलं." जाईनं पायानं एक खडा उडवला. "मला वाटलं होतं, फाइलमध्ये आत्याचं नाव खरंच नसेल. तेव्हा मी शाळेवर चिडले होते. ते सोपं होतं."

"जाई, मी खरंच..."

"तू आमच्या घरी जेवतेस, नंदे. तुला फाइल कशाला लागली?"

जाई परत वळली. राजनंदिनीही तिच्यामागे चार पावलं गेली, कारण तिचा मोबाइल... नाही, मोबाइल हातातच होता. ती नुसतीच गेली, आणि ओट्यापाशी थांबली.

दार उघडं होतं. आत राहीबाई भावाला सांगत होती, संथपणे, जसं कोणी घराची चावी देताना सांगतं.

"सकाली हाका मारून उठवू नको, चिडतंय. नुसता दिवा लावायचा, उठतंय आपली आपन. मासलीत निवटी खात नाय, बाकी सगलं खातंय. पाली आली का पोटात लय दुखतंय तिच्या, तवा बोलू नको, गरम पान्याची पिशवी दे बायकोला सांगून. गनिताचा पेपर असला का आदल्या दिवशी जेवत नाय. पेज करायची. पेज पितंय. आनि खोटं बोलली का उजव्या कानाला हात लावतंय, ते ध्यानात ठेव."

"हां," नामदेव म्हणत होते. "हां. हां. अजून?"

"अजून हाय," राहीबाई म्हणाली. "बस तू. सांगतंय."